पार्किंगच्या भिंतीवरच्या दोन पाट्या

प्रति,
मॉल, रुग्णालयं, नाट्यगृहं आणि मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक, पे अँड पार्कचे ठेकेदार आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे सचिव यांस,



पत्रास कारण की, तुमच्या पार्किंगच्या भिंतीवर बहुतेक ठिकाणी दोन पाट्या शेजारी-शेजारी लावलेल्या असतात. एक म्हणते, ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.’ दुसरी म्हणते, ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत, नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ म्हणजे आम्ही सगळं पाहतो, पण आम्हाला काही विचारू नका. उभी केलेली गाडी कुणीतरी ठोकतं आणि निघून जातं, तेव्हा गाडीमालक नेमका या दोन पाट्यांच्या मधे अडकतो.

‘हिट अँड रन’ म्हटलं की आपल्याला जुलै २०२४ मधली वरळीची घटना आठवते. किंवा त्याच वर्षी जानेवारीत, भारतीय न्याय संहितेतल्या ‘हिट अँड रन’च्या कलम १०६(२) विरोधात ट्रकचालकांनी संप केला तेव्हा पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा. त्यापुढे पार्किंगमध्ये दाराला पडलेला पोचा ही किरकोळ गोष्ट, हे मलाही मान्य आहे. पण ज्या कायद्याचं नाव आपण मोठ्या अपघाताच्या वेळी घेतो, त्याने ही किरकोळ गोष्ट वगळलेली नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ माणूस जखमी झाला तर लागू होतं, तसंच दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरीही लागू होतं. जागेवर पोलीस नसेल तर चालकाने जवळच्या ठाण्यात जाऊन लवकरात लवकर, जास्तीत जास्त चोवीस तासांत, घडलेलं सांगायचं असतं. ते केलं नाही तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड पाचशे रुपये होता.

तुमच्याकडून यावर एक ठरलेलं उत्तर येतं: ‘ही खासगी जागा आहे, इथे रस्त्याचा कायदा चालत नाही.’ तर कलम १३४ मध्ये सार्वजनिक जागेची अट मुळातच नाही. ती अट येते विम्याच्या कलमांत. तिथेही मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पांडुरंग चिमाजी आगळे यांच्या प्रकरणात १९८८ साली सार्वजनिक जागेचा अर्थ बराच रुंद लावलेला आहे. लोकांना जिथे प्रवेश आहे, मग तो हक्काने असो की कुणाच्या परवानगीने, ती जागा त्यात येते. तुमचा बूम बॅरियर वर करून, पावती घेऊन रोज शेकडो लोक आत येत असतील, तर खासगीपणाचा आडोसा फारसा टिकणारा नाही.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते बघा. माणूस पिशव्या सांभाळत खाली येतो. मागच्या दारावर, चाकाच्या जरा वर, हातभर लांबीची खरड. खरडीत दुसऱ्या गाडीचा पांढरा रंग घासून राहिलेला. पहिली प्रतिक्रिया काय असते? रुमाल ओला करून तो रंग पुसायचा! खरड किती खोल आहे ते बघायला. जो पुरावा गुन्हेगार स्वतः ठेवून गेला, तो आपणच पुसतो. दुसरी प्रतिक्रिया म्हणजे गाडी पुढे घेऊन उजेडात नीट बघायचं. तीही चूक, कारण गाडी हलली की ती कुठल्या खांबाजवळ, कुठल्या कोनात उभी होती हे सांगणारं काही उरत नाही.

गाडी हलवण्याआधी फोटो काढावेत. खांबाचा नंबर दिसेल असा एक लांबून, मग खरडीचा जवळून, रंगासकट. शेजारच्या आणि समोरच्या गाड्यांचे नंबरप्लेटसह फोटो घ्यावेत. ठोकणारी गाडी कधीकधी गेलेलीच नसते, समोरच्याच रांगेत साळसूदपणे उभी असते आणि तिच्या बंपरच्या कोपऱ्यावर आपल्या गाडीचा रंग असतो. कुणाच्या काचेला डॅशकॅम दिसला तर त्याचा नंबर टिपून ठेवावा. पोचा जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही बघावं. दुचाकीचं हँडल किंवा फूटरेस्ट बारीक, खोल रेघ ओढतं, मोटारीचा बंपर पसरट चेपतो, आणि एसयूव्हीचा मार आपल्या बंपरच्या वर लागतो. खाली दिव्याच्या काचेचे तुकडे पडले असतील तर ते उचलून पिशवीत ठेवावेत. त्यांच्यावर बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह कोरलेलं असू शकतं. पार्किंगची पावती फेकू नये, कारण गाडी कधी आत आली याचा सगळ्यात भक्कम कागद तोच. आणि कुणाला लागलेलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १०८ किंवा ११२.

एवढं गाडीमालक करू शकतो. पुढचं सगळं तुमच्या हातात असतं आणि गाडं अडतं ते इथेच.

गार्ड म्हणतो, “साहेब, माझी ड्युटी आत्ताच लागली.” मी त्याला दोष देत नाही. बारा-बारा तासांची पाळी, पगार एजन्सीकडून, आणि तोंड उघडलं तर पहिला ओरडा त्यालाच. शिवाय दुचाक्यांच्या रांगेत जागा करायला गाड्या उचलून सरकवण्याचं काम तुम्ही त्यालाच दिलेलं असतं. तेव्हा खरड नेमकी कुणामुळे पडली, या प्रश्नात त्याला रस नसणं साहजिक आहे. तो वर बोट दाखवतो. वर कंट्रोल रूममध्ये मुलगा असतो, त्याला फुटेज दाखवायची परवानगी नसते. मॅनेजर सोमवारी येणार असतात. सोमवारी मॅनेजर म्हणतात, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, गाडी नंबर काही सांगता येईल का, फुटेज बघून या. ही टोलवाटोलवी चालू असताना खालच्या खोलीतला डीव्हीआर आपलं काम इमानेइतबारे करत असतो. हार्डडिस्क भरली की सगळ्यात जुनं चित्रण पुसून त्याजागी नवं लिहीत जातो. कॅमेरे जितके जास्त आणि डिस्क जितकी लहान, तितके दिवस कमी. कुठे महिना मिळतो, कुठे आठवडा. ज्या दिवशी पोलिसांचं पत्र येतं त्या दिवशी तुम्ही खऱ्या खेदाने सांगता, की तेवढं जुनं आमच्याकडे राहत नाही.

माझी मुख्य विनंती याच जागी आहे आणि ती फार लहान आहे. फुटेज आम्हाला दाखवू नका हवं तर. त्यात इतर लोक असतात, त्यांची बायकामुलं असतात, येईल त्याला ते देऊ नये हे बरोबरच आहे. पण जपून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. तक्रार आली की गाडी आत आल्यापासून मालक परत येईपर्यंतचं, त्या खांबाकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याचं आणि बाहेर पडायच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. पेनड्राइव्ह पाकिटात, पाकिटावर तारीख आणि दोन सह्या. पोलिसांनी मागितलं की द्या. कुणीच मागितलं नाही तर सहा महिन्यांनी पुसा.

आणि डीव्हीआरचं घड्याळ तपासा. ते वीस-पंचवीस मिनिटं मागे किंवा पुढे असणं ही रोजची गोष्ट आहे. पावतीवर ७.१० आणि पडद्यावर ६.४५ असेल, तर समोरच्याच्या वकिलाला दुसरं काही शोधावं लागत नाही. फरक किती आहे तो कागदावर लिहून ठेवला की भागतं. मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून दिला म्हणजे झालं, असंही समजू नका. माग काढायला तो उपयोगी आहे, कोर्टात नाही. आपल्याच जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाचा होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणलेलं नसेल तर अशा नकलेबरोबर प्रमाणपत्र लागतंच. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि यंत्र ज्याच्या ताब्यात त्याची सही त्यावर लागते. म्हणजे तुमची. सहीला इतकं घाबरण्याचं कारण नाही. चित्रण आमच्या यंत्रातलं आहे एवढंच तुम्ही सांगत असता, चूक कुणाची ते नाही.

गाडीमालकांसाठी मधेच एक गोष्ट सांगतो. तोंडी विनंती करून घरी जाऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: तारीख, पावती क्रमांक, खांब क्रमांक, किती ते किती वाजेपर्यंतचं चित्रण जपून ठेवायचं. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. शिक्का नसेल तर सही आणि वेळ चालेल. पोच देत नाहीत? मग तोच मजकूर त्यांच्या ईमेलवर जागेवरूनच पाठवा. पोच असलेला अर्ज फायलीत असताना फुटेज ‘राहत नाही’ हे सांगणं पूर्वीइतकं सोपं राहत नाही.

पोलीस ठाण्यात कुणी जखमी नसताना साधारणपणे एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिच्यावर तपास होत नाही, तेव्हा एनसीची प्रत घेऊन कुणी चमत्काराची वाट बघू नये. पण तारीख-वेळ असलेला तो सरकारी कागद आहे, आणि नंबर मिळाला की त्याला धार येते. कलम १३३ प्रमाणे त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं मालकाला भाग आहे. ‘गाडी माझी आहे, पण मी नव्हतो’ म्हणून सुटता येत नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर गाडी कुठल्या कंपनीची, कुठलं मॉडेल, विमा चालू आहे की नाही हे दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं येतं आणि ते योग्यच आहे. पण पांढरी हॅचबॅक शोधताना ॲपने काळी मोटारसायकल दाखवली, तर आपण एखादा आकडा चुकीचा वाचलाय एवढं तरी कळतं. तो चुकीचा वाचला जाण्यात आपल्या हौशी मंडळींचाही वाटा आहे. ४१४१ चा ‘दादा’ आणि २१४ चा ‘राम’ करून मिरवणाऱ्या नंबरप्लेटपुढे तुमचा महागडा कॅमेराही हात टेकतो.

मग विमा आहे ना, असं तुम्ही म्हणता. ‘क्लेम टाका की साहेब.’ हा सल्ला ऐकायला फार सोपा वाटतो, म्हणून जरा हिशेब मांडू. समजा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता, सवलत धरण्याआधी, दहा हजार आहे. पाच वर्षं एकही क्लेम नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस पन्नास टक्के. बंपर आणि दाराच्या डेंटिंग-पेंटिंगचं बिल सहा हजार. क्लेम घेतला तर लहान इंजिनाच्या गाडीला एक हजार सक्तीची वजावट, म्हणजे हातात फार तर पाच हजार. झिरो डेप नसेल तर घसारा कापून त्याहून कमी. आणि बोनस जातो शून्यावर. मग तो पुन्हा पायरी-पायरीने चढतो: वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. हप्ता तोच राहिला असं धरलं, तर पहिल्या वर्षी पाच हजार गेले, पुढे तीन हजार, अडीच हजार, दीड हजार, पाचशे. बेरीज साडेबारा हजार. पाच हजार मिळवायला साडेबारा हजार! बोनस सांभाळणारं वेगळं कलम पॉलिसीत घेतलेलं असेल तर गोष्ट निराळी. नाहीतर लहान पोचा खिशातूनच काढलेला बरा, आणि मोठं नुकसान असेल तर विमा कंपनीला लगेच कळवून, सर्व्हेअर येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये उघडू न देणं बरं. तेव्हा क्लेमचा सल्ला देताना एवढं ध्यानात असू द्या, की फुटेज हरवलं की तो खर्च गाडीमालकाच्या अंगावर येतो.

ठोकणाऱ्याचा विमा असायला हवा, कायद्याने तो सक्तीचा आहे, आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान धरलेलं असतं. पण तो पैसा काउंटरवर मिळत नाही, त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. बंपरसाठी तिथे कोण खेटे घालणार? व्यवहारात होतं ते असं: नंबर सापडतो, चौकीतून एक फोन जातो, समोरचा माणूस गॅरेजचं बिल परस्पर भरतो आणि दोघं एका कागदावर सह्या करतात. माझ्या मते यात काही वावगं नाही. कोटेशन मात्र गॅरेजचं घ्यावं. जागेवर उभं राहून ‘दोन हजार घ्या आणि विषय संपवा’ या बोलीत दोघांपैकी एकजण नंतर पस्तावतो.

आता दुसऱ्या पाटीकडे येतो. ‘व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही’ असं लिहिलं की जबाबदारी गेली, हा तुमचा समज दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणाने बराच ढिला केला आहे. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री एका पाहुण्याने आपली मारुती झेन व्हॅलेच्या ताब्यात दिली. परत आला तर गाडी दुसराच कुणी घेऊन गेलेला. विमा कंपनीने मालकाला भरपाई दिली आणि मग मालकासह हॉटेलवर दावा लावला. हॉटेलचा बचाव तुमच्याच पाटीचा होता: पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलंय. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली की तिची वाजवी काळजी घेणं तुमच्यावर आलं, आणि छापील ओळीच्या आड स्वतःचा हलगर्जीपणा लपवता येणार नाही. मी हा निकाल ओढूनताणून लावत नाही. जिथे किल्ली गाडीमालकाच्याच खिशात राहते तिथे चित्र वेगळं आहे, आणि कुणी परक्याने येऊन ठोकलं तर त्याचं बिल तुम्ही भरावं असं माझं म्हणणंही नाही. पण पार्किंगचे पैसे घेतले की तो माणूस तुमचा ग्राहक झाला. तक्रार लेखी मिळूनही चित्रण पुसू दिलं, तर सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात त्याची तक्रार होऊ शकते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

सोसायटीच्या सचिवांशी थोडं वेगळं बोलायला हवं. तुमच्याकडे ठोकणारा बहुधा अनोळखी नसतोच. बी विंगचे काका रिव्हर्स घेताना कुठे बघतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. फुटेजमध्ये ते दिसतात आणि मग शेजारधर्म आडवा येतो. कधी दिसतो तो कुणाचा तरी सोळा वर्षांचा चिरंजीव, सुट्टीत ‘आतल्या आतच’ गाडी शिकणारा. त्याला समज देऊन सोडताना त्याच्या वडिलांना कलम १९९अ वाचायला द्या. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आज दाराला लागलं, उद्या तिथे खेळणारं पोर असेल. फक्त ती क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावानिशी टाकू नका. त्यातून पोचा भरून निघत नाही, नवा तंटा मात्र उभा राहतो. दोघांना ऑफिसात बोलवा, पडद्यावर दाखवा, बिल ठरवा.

शेवटी, निघून जाणाऱ्या माणसाबद्दल. त्याची बाजू घ्यावी असं नाही, पण तो बहुतेकदा लबाडीपेक्षा भीतीने पळतो, असं मला वाटतं. त्याला माहीत असतं, की थांबलो तर चार माणसं जमतील, आवाज चढतील, आणि दोन हजारांच्या खरडीचे वीस हजार मागितले जातील. गाडीचा मालक वर सिनेमात बसलाय, तीन तास त्याची वाट कोण बघणार? वायपरखाली चिठ्ठी ठेवून जायची रीत आपल्याकडे रुजली नाही, याचं एक कारण असं, की गाडीत कागद-पेन नसतं आणि ठेवलेली चिठ्ठी राहील याची खात्री नसते. हे तुम्ही सोडवू शकता. बाहेर पडायच्या गेटवर छापील चिठ्ठ्यांचं एक पॅड ठेवा. धक्का लावणाऱ्याने भरायची, एक प्रत गार्डकडे, एक वायपरखाली. मालकाशी बोलणं नंतर, फोनवर, डोकी थंड झाल्यावर. गार्डला एवढंच सांगून ठेवा, की चिठ्ठी भरणाऱ्यावर ओरडायचं नाही आणि त्याला तिथे अडवून ठेवायचं नाही. मसुदा सोबत जोडला आहे. त्यात हवे ते बदल करा.

कळावे,
आपला,
एक वाहनधारक

सोबत: चिठ्ठीचा मसुदा

आपल्या गाडीला माझ्या गाडीचा धक्का लागला आहे. आपण जागेवर नव्हता, म्हणून ही चिठ्ठी.
आपला गाडी क्रमांक : ……… खांब क्र. : ………
माझा गाडी क्रमांक : ……… नाव : ……… फोन : ………
दिनांक व वेळ : ……… कुठे लागलं : ………
सुरक्षारक्षकाचं नाव व सही : ………
(या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण व्यवस्थापनाने जपून ठेवलं आहे.)